900 सीसीची गाडी 150 ला का डोलते, आणि डँपर लावून ते का थांबणार नाही

आधी तुमचा प्रश्न, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ राहील. नाशिकमध्ये सेकंडहँड घेतलेली 900 सीसीची, चार सिलिंडरची नेकेड गाडी, म्हणजे पुढे वारा अडवणारं आवरण नसलेली. मागे टॉप बॉक्स, हँडलला क्लॅम्प केलेली उंच काच. तक्रारी तीन. धुळ्याच्या रस्त्याला 140-150 च्या पुढे गेलं की अख्खी गाडी डाव्या-उजव्या अंगाला डोलायला लागते. टोलनाका जवळ आला, थ्रॉटल सोडलं आणि ग्लोव्ह नीट करायला हात काढले की साठ-सत्तरच्या आसपास हँडल फडफडतं. आणि वेगात वळणावर गाडी ‘वळतच नाही, सरळ ओढते’. मेकॅनिकने तिन्हींवर एकच उपाय सांगितलाय, स्टिअरिंग डँपर, म्हणजे हँडलची हालचाल जड करणारा छोटा दट्ट्या. लावू का?

नका लावू. निदान आत्ता तरी नको. तुमच्या पहिल्या दोन तक्रारी हे दोन वेगळे आजार आहेत. डँपर त्यातल्या एकाला लागू पडतो आणि दुसरा त्याने वाढू शकतो. तिसरी तक्रार गाडीची नाहीच, असा मला दाट संशय आहे.

मी पुण्यात बावीस वर्षं मोठ्या गाड्यांचं सस्पेन्शन आणि चासीचं काम करतो. ‘गाडी हलते’ म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांवर डँपर आधीच लागलेला असतो, तोही शेवटच्या खाचेपर्यंत कडक केलेला. गाडी तरीही हलत असते. कधी कधी जास्तच हलत असते.

पहिल्यांदा दोन हालचाली वेगळ्या ओळखा. एक डोल, इंग्रजीत ज्याला वीव्ह म्हणतात. यात मागचं चाक, सीट, तुम्ही, सगळं एकत्र हलतं. सेकंदाला दोन-तीन हेलकावे, म्हणजे तोंडाने ‘एक, दोन, तीन’ मोजता येतात. वेग वाढला की हा वाढतो. दुसरी फडफड, म्हणजे वॉबल. यात फक्त हँडल आणि पुढचं चाक हलतं, सेकंदाला सात-आठ-नऊ वेळा. ते मोजता येत नाही, नुसता धूसर पट्टा दिसतो. ही बहुधा मधल्या वेगाला येते आणि दोन्ही हात हँडलवर ठेवले की बसते. हीच फडफड फार मोठी झाली, हँडल दोन्ही बाजूंच्या स्टॉपरवर आपटायला लागलं, की त्याला टँक-स्लॅपर म्हणतात. मोजता आला तर डोल, मोजता नाही आली तर फडफड. गॅरेजमध्ये जाण्याआधी एवढं ओळखता आलं तरी निम्मे पैसे वाचतात.

1971 मध्ये रॉबिन शार्प नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने मोटरसायकलची गणितं कागदावर सोडवली आणि या दोन हालचाली तिथे स्वच्छ वेगळ्या निघाल्या. त्यात स्टिअरिंग डँपरबद्दल जे निघालं ते गॅरेजमध्ये अजूनही पोचलेलं नाही: डँपर वॉबल मारतो, पण वेगातल्या वीव्हचं स्वतःचं डँपिंग, म्हणजे हेलकावे आपोआप विरण्याची ताकद, कमी करतो. हे असं का, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण मोठी गाडी वेगात सरळ उभी कशी राहते तेही त्यातच कळतं.

लोकांना वाटतं की चाकं फिरतात म्हणून जायरोस्कोपमुळे गाडी भोवऱ्यासारखी उभी राहते. त्यात अर्धं खरं आहे. पुढे 120/70 चा टायर आणि 17 इंची रिम धरली तर चाकाचा घेर साधारण 1.88 मीटर होतो. 100 च्या वेगाला ते मिनिटाला जवळजवळ 890 फेरे घेतं, 200 ला त्याच्या दुप्पट. हा भोवरा नक्कीच काम करतो. पण गाडी उभी ठेवते ती मुख्यतः हँडलची स्वतःहून वळण्याची सवय. गाडी डावीकडे जरा कलली की पुढचं चाक आपोआप डावीकडे वळतं, चाकं वजनाच्या खाली येतात, गाडी पुन्हा सरळ होते. यामागे ट्रेल असतो: स्टिअरिंगचा आस खाली वाढवला तर तो जमिनीला जिथे टेकेल, त्याच्या मागे टायर जमिनीला टेकतो. स्पोर्टी गाड्यांवर हे अंतर शंभर मिलिमीटरच्या आगेमागे असतं. या ट्रेलमुळे आणि भोवऱ्यामुळे हँडल तुमच्या नकळत सेकंदागणिक बारीक दुरुस्त्या करत असतं. तुम्ही वर बसून आपण गाडी सांभाळतोय असं समजत असता, तेवढंच.

आता त्या हँडलला घट्ट डँपर लावा. दुरुस्ती होते, पण उशिरा. गीझरचा नळ आठवा. गरम पाणी येईना म्हणून तुम्ही नळ जास्त फिरवता, ते येईपर्यंत वेळ जातो, मग चटका बसतो, मग उलटा फिरवता, मग अंगावर एकदम गार. पाण्याचा दोष काहीच नाही, दुरुस्ती उशिरा पोचते एवढंच. वेगातला डोल हा असाच प्रकार आहे, आणि डँपर त्या उशिरात भर घालतो. थोडा डँपर चालतो, जास्त झाला की गाडी खोल पाण्यातल्या होडीसारखी हेलकावे घेते. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गरजेपेक्षा जास्त कसल्यावर गाडी हळू वेगातही सापासारखी वळवळत चालते, त्याचं कारण हेच. जुन्या बुलेटच्या हँडलच्या मधोमध एक गोल नॉब असायचा, आठवतो का? तोही स्टिअरिंग डँपरच, फक्त घर्षणावर चालणारा. आमच्याकडचे जुने मिस्त्री तो सैल ठेवायला सांगायचे आणि का ते सांगता यायचं नाही.

डँपर निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. सुझुकीची टीएल1000एस 1997 मध्ये आली तेव्हा तिच्या टँक-स्लॅपरची मोटरसायकल जगात एवढी चर्चा झाली की ब्रिटनमध्ये कंपनीने गाड्या परत बोलावून डँपर बसवून दिले. तिथे आजारच हँडलचा होता. जोरकस व्ही-ट्विन इंजिन, थ्रॉटल दिलं की हलकं होणारं पुढचं चाक, तेवढ्यात रस्त्यावर एखादा उंचवटा, आणि हँडल आपटायला सुरुवात. होंडाने 2004 च्या सीबीआर1000आरआर वर इलेक्ट्रॉनिक डँपर दिला तो याच विचाराने: हळू वेगात मऊ, वेग आणि प्रवेग वाढेल तसा कडक. म्हणजे कारखान्यालाही ठाऊक आहे की कायमचा कडक डँपर ही चांगली गोष्ट नाही. आपण मात्र तो विकत घेतो आणि अठरा क्लिकपैकी सोळाव्यावर नेऊन ठेवतो.

तुमची दुसरी तक्रार, म्हणजे साठ-सत्तरची फडफड, आधी संपवतो, कारण ती सोपी आहे. ट्रॉलीचं पुढचं चाक एका ठराविक वेगाला वेड्यासारखं थरथरतं तसाच हा प्रकार. मघाशी चाकाचा घेर 1.88 मीटर काढला. 60 च्या वेगाला गाडी सेकंदाला 16.7 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला जवळजवळ 8.8 फेरे घेतं. फडफडीचा स्वतःचा ठेकाही सेकंदाला सात ते नऊच्या घरात असतो. चाकाच्या बॅलन्समध्ये दहा-वीस ग्रॅमची चूक असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक धक्का, आणि 60 च्या आसपास हे धक्के नेमके त्या ठेक्यावर पडतात. झोका नेमक्या वेळी ढकलल्यासारखं. म्हणून 100 ला काही जाणवत नाही, थ्रॉटल सोडून 80 वरून 50 वर येताना जाणवतं. त्यात थ्रॉटल सोडलं की वजन पुढच्या चाकावर येतं, आणि हात काढले की तुमच्या हातांचं फुकटचं डँपिंगही जातं.

तेव्हा पुढचं चाक काढून बॅलन्स करून घ्या. टायरवर बोट फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टायर कपिंग झालाय, त्याला बॅलन्सिंगने काही होणार नाही, तो बदला. मग पुढचं चाक उचलून कोनसेट बघा. फॉर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचे, पाय खाली धरून पुढे-मागे हलवले तर ‘टक’ असा आवाज येता कामा नये. हँडल हळूच डावी-उजवीकडे फिरवलं तर मधोमध खाच लागता कामा नये. सत्तावीस-तीस हजार किलोमीटर चाललेल्या, आणि विशेषतः व्हीली मारणाऱ्या, म्हणजे पुढचं चाक उचलून चालवणाऱ्या, मालकाकडून आलेल्या गाडीत ती मधली खाच हमखास सापडते. आणि हो, हायवेवर ग्लोव्ह नीट करायला हात सोडू नका, गाडी कितीही शहाणी असली तरी.

आता खरा विषय, तुमचा डोल.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. 2011 ची गोष्ट. कोल्हापूरहून परत येत होतो, मागे कापडी सॅडलबॅग्ज, वर एक ओला तंबू बांधलेला. कराडच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, मी एका ट्रकला मागे टाकायला जोर दिला आणि ट्रकच्या पुढे निघताच आडवा वारा लागला. गाडीने एक हेलकावा घेतला, मी हँडल घट्ट धरलं, दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा, तिसरा त्याहून मोठा. 140 च्या वेगाला सेकंदाला अडीच हेलकावे म्हणजे एका हेलकाव्यात गाडी साडेपंधरा मीटर पुढे जाते. तेवढ्यात गाडी एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये गेलेली असते. मी वाचलो त्यात हुशारी काही नव्हती. हाताला रग लागून पकड सैल पडली. पकड सुटली, थ्रॉटल आपोआप अर्धं झालं, आणि 110 ला गाडी अशी शांत झाली जसं काही झालंच नव्हतं. घरी येऊन बॅगा काढून तोच रस्ता पुन्हा चालवला. त्याच वेगाला काही नाही.

त्या दिवशी तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या आणि तुमच्या गाडीवरही त्याच तीन आहेत: मागे टांगलेलं वजन, वारा, आणि चालवणाऱ्याचे हात.

वजनाचं आधी. टॉप बॉक्समध्ये पंधरा-वीस किलो सामान तुम्हाला फारसं वाटत नाही, पिलियन, म्हणजे मागे बसलेला माणूस, त्याहून कितीतरी जड असतो. पण पिलियन मागच्या चाकाच्या पुढे बसतो, बॉक्स मागच्या एक्सलच्याही मागे आणि वर असतो. गाडी आपल्या मध्याभोवती डावी-उजवीकडे फिरते तेव्हा एखाद्या वजनाचा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. तेच वीस किलो मध्यापासून अर्ध्या मीटरवर असण्यापेक्षा एक मीटरवर असतील तर परिणाम चौपट. शिवाय बॉक्स ज्या प्लेटवर बसतो ती प्लेट आणि सबफ्रेम, म्हणजे सीटखालचा मागचा सांगाडा, बारीकशी लवचीक असते, म्हणून बॉक्स गाडीच्या मागून जरा उशिराने हलतो. पुन्हा तोच गीझरचा नळ. बऱ्याच टॉप बॉक्सच्या आतल्या स्टिकरवर 120 किंवा 130 ची वेगमर्यादा छापलेली असते. आपण तो स्टिकर वाचत नाही. ती मर्यादा डब्याच्या मजबुतीची वाटते, पण ती तुमच्या डोलाचीही आहे.

वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. नेकेड गाडीवर सरळ बसलेला माणूस धरून ढोबळ हिशेब केला तर 150 ला हवा तुम्हाला साधारण साठ-पासष्ट किलोच्या जोराने मागे ढकलते, 200 ला एकशेदहाच्या पुढे. हा जोर जमिनीपासून बराच वर लागतो, म्हणजे गाडीला मागे उलटवायला बघतो, आणि पुढच्या चाकावरचं वजन मागच्या चाकावर सरकतं. माझ्या हिशेबाने तुमच्यासारख्या गाडीवर 150 ला पुढचं चाक तीसेक किलोने हलकं होतं, 200 ला साठच्या आसपास. उभी असताना त्या चाकावर तुमच्यासकट एकशेचाळीस किलो असतील. त्यात हँडलला बांधलेली उंच काच म्हणजे सरळ स्टिअरिंगवर बसवलेलं शीड. वाऱ्याचा प्रत्येक थपडा ती हँडलला पोचवते. फेअरिंगवाल्या, म्हणजे पुढे आवरण असलेल्या, गाडीत काच चासीला बसवलेली असते, तिचा जोर हँडलपर्यंत येत नाही, हा फरक लोकांच्या लक्षात येत नाही. काच हवीच असेल तर लहान घ्या आणि शक्यतो हेडलाइटच्या ब्रॅकेटवर बसणारी घ्या, ब्रॅकेट हँडलबरोबर वळत नसेल तर.

आणि हात. नेकेड गाडीवर 150 ला माणूस शिडासारखा उडत असतो आणि हँडलला लटकून स्वतःला धरून ठेवतो. त्याचं अंग वाऱ्याने हलतं, अंग हाताला हलवतं, हात हँडलला. गाडी स्वतःची दुरुस्ती करत असते आणि तुम्ही त्यात आपली उशिराची दुरुस्ती मिसळता. सेकंदाला अडीच हेलकाव्यांवर माणसाच्या हाताची प्रतिक्रिया वेळेवर पोचू शकत नाही, ती नेहमी चुकीच्या क्षणी पोचते. म्हणून वेगात गुडघ्यांनी टाकी धरायची, कंबरेने आणि पाठीने स्वतःला सांभाळायचं, वरचं अंग जरा पुढे झुकवायचं, कोपर सैल. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो की हँडल असं धरा जसं हातात चिमणी धरलीय. ते हसतात, आणि दोन दिवसांनी फोन करून म्हणतात की डोल निम्मा झाला.

यानंतर टायर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण डोलाच्या दहा गाड्यांपैकी सहा-सात गाड्यांचं उत्तर मला टायरमध्ये सापडतं. आपले रस्ते आणि आपलं चालवणं असं आहे की मागचा टायर मधोमध झिजतो. सरळ रस्ता, सामान, कडक सिमेंट. गोल असलेला टायर सपाट होतो, चौकोनी म्हणतात त्याला. सरळ जाताना ठीक वाटतो, पण जरा कलला की त्या कडेवर चढतो, मग उतरतो, प्रत्येक चढ-उतार डोलाला धक्का. ट्रेडची खोली अजून कायद्यात बसते म्हणून लोक तो चालवत राहतात. तुमचा टायर मागून, खाली बसून बघा. मधला पट्टा सपाट दिसला की विषय संपला.

दुसरं, हवा. या वर्गातल्या कित्येक गाड्यांना कंपनी पुढे 36 आणि मागे 42 पीएसआय सांगते. मधल्या काळात ट्रॅक-डेच्या गप्पांमधून एक फॅशन आली की 30-32 ठेवली की ग्रिप मिळते. ट्रॅकवर मिळतेही. तिथे टायर तापतो, सामान नसतं, वेगळा टायर असतो. मी स्वतः चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हवा उतरवतो. पण हायवेवर, सामानासकट, 32 पीएसआयला टायरची भिंत मऊ पडते. टायरला बाजूचा जोर उभा करायला काही अंतर फिरावं लागतं, भिंत मऊ झाली की ते अंतर वाढतं, आणि पुन्हा उशीर. हवा सकाळी, टायर गार असताना, स्वतःच्या गेजने बघायची. पेट्रोल पंपावरच्या गेजवर मी सायकलचीही हवा भरत नाही.

तिसरं, टायरवरचे आकडे. बाजूच्या भिंतीवर शेवटचं अक्षर वेगाचं असतं: एस म्हणजे 180, एच 210, व्ही 240, डब्ल्यू 270. सेकंडहँड गाडीवर आधीच्या मालकाने स्वस्तात खालच्या अक्षराचा टायर मागे चढवलेला मी अनेकदा बघितलाय. चार आकड्यांचा कोडही बघा, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. 2318 असेल तर 2018 चा तेविसावा आठवडा. ट्रेड कितीही असो, इतका जुना टायर काढून टाका. आणि 180/55 च्या जागी ‘दिसायला भारी’ म्हणून 190/55 लावला असेल तर मागची बाजू पाचेक मिलिमीटर उचलली जाते, ट्रेल कमी होतो. एकट्याने त्याचं फार काही होत नाही, पण त्याबरोबर फॉर्क त्याला धरणाऱ्या क्लॅम्पमधून वर सरकवला असेल, ‘गाडी पटकन वळावी’ म्हणून, तर दोन्ही मिळून गाडी चिडकी होते. फॉर्कचा वरचा टोपीचा भाग क्लॅम्पच्या किती वर आहे ते मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा.

मागचा शॉकअप. सीट दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली पाहिजे. वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर असं झालं तर आतलं तेल म्हातारं झालंय. डोलात मागची बाजू भाग घेते, म्हणून मागच्या शॉकअपचं रिबाउंड, म्हणजे दबून परत वर येण्याचा वेग, डोलावर थेट परिणाम करतं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते, तुमच्या वजनाला लावा: गाडीवर पूर्ण पोशाखात बसल्यावर मागची बाजू मोकळ्या लांबीपेक्षा तीस ते चाळीस मिलिमीटर बसावी. सामान आणि पिलियन घेऊन निघताना प्रीलोड न वाढवता निघालात तर मागची बाजू बसते, पुढचं चाक आणखी हलकं होतं, आणि हवेने जे तीस किलो काढले त्यात तुम्ही आणखी काही काढता.

आणि चिमट्याची बुश, म्हणजे मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) चासीला जिथे जोडलेला असतो तो सांधा. मागचं चाक उचलून दोन्ही हातांनी आडवं हलवा. अर्धा मिलिमीटर खेळ हाताला लगेच कळतो. चेन टाइट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा एकसारख्या लावल्या म्हणजे चाक सरळ झालं, असं समजू नका. त्या खुणा स्वतःच बऱ्याचदा चुकीच्या असतात. दोन्ही टायरच्या बाजूने लांब दोरी ताणून बघायची जुनी पद्धत अजूनही बिनचूक आहे.

एक इतिहास जाता जाता. 1969 ची कावासाकी 500 टू-स्ट्रोक, 1972 ची 900 झेड1, या गाड्या त्यांच्या काळात डोलण्यासाठी बदनाम होत्या. इंजिनं पुढे गेली होती, चासी, चिमटा आणि टायर मागे राहिले होते. 1973 मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या 750 चा चिमटा 50 मिलिमीटरने लांब केला. आजच्या गाड्या त्या मानाने दगडासारख्या घट्ट आहेत. 1999 ची सुझुकी हायाबुसा 300 किलोमीटरच्या आसपास जाऊन सरळ राहते, हे त्या काळच्या रायडरला खोटं वाटलं असतं. पण हे सगळं कारखान्यातून निघाली तशी गाडी, कारखान्याचा टायर, एक माणूस, बॉक्स नाही, या हिशेबात. आपण त्या हिशेबात बॉक्स, काच, सपाट टायर घालतो आणि 1973 मध्ये परत जातो. आणखी एक: आजच्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल, कलत्या गाडीवर चालणारं एबीएस, सगळं असतं. त्यातलं काहीही डोल थांबवत नाही. ते घसरण्यावर काम करतं, डोलण्यावर नाही.

तिसऱ्या तक्रारीवर आता: ‘वळतच नाही’. वेगात चाकाचा भोवरा हँडलला जड करतो, म्हणून 60 ला जे अंगाच्या झुकण्याने होतं ते 130 ला होत नाही. तिथे काउंटरस्टिअरिंग लागतं. डावीकडे जायचंय तर डावं हँडल पुढे ढकलायचं. क्षणभर चाक उजवीकडे वळतं, गाडी डावीकडे कलते. विल्बर राइटने, विमानवाल्या, हे सायकलवर ओळखलं होतं आणि त्याच्या लक्षात आलं होतं की सायकल चालवणाऱ्यांना आपण हे करतो याची कल्पनाच नसते. तुम्ही दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलात तर एक हात ढकलतो आणि दुसरा नकळत अडवतो. मग गाडी वळत नाही. चिमणीची पकड इथेही. दुसरं म्हणजे जरा आकडा बघा: शंभर मीटर त्रिज्येच्या वळणाला 80 च्या वेगाने सत्तावीस अंश कलावं लागतं, 100 ला अडतीस, 120 ला जवळजवळ एकोणपन्नास. वेग वीसने वाढवला आणि कल दहा-अकरा अंशांनी वाढला. तुमचं मन पस्तीस अंशाला ‘बास’ म्हणतं आणि हात आखडतात, गाडी नाही. हे हायवेवर शिकू नका. आपल्याकडे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर दुचाकीची मर्यादा 80 ची आहे, तुम्हाला माहीत असेलच. कोईम्बतूर किंवा चेन्नईला एक दिवसाचं ट्रॅक-स्कूल करा. डँपरचे पैसे तिथे जास्त कामी येतील.

डोल सुरू झालाच तर काय करायचं: ब्रेक दाबू नका, विशेषतः पुढचा. थ्रॉटल एकदम बंद करू नका, दोन-तीन सेकंदात हळूहळू कमी करा. पकड सैल, गुडघे टाकीला, छाती खाली. हेलकावे मोजू नका आणि उलट दिशेला हँडल मारू नका. वेग 20-30 ने उतरला की तो विरतो. जोरात थ्रॉटल देऊन डोल मोडायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. फडफडीत, ट्रॅकवर, पुढचं चाक हलकं करायला तो काही वेळा चालतो. डोलात तो तुम्हाला आणखी वेगात घेऊन जातो, एवढंच.

क्रम असा ठेवा. उद्या सकाळी गार टायरला 36/42 हवा. टॉप बॉक्स आणि काच काढा. तोच रस्ता, वारा नसताना, पकड सैल ठेवून चालवा, आणि जिथे डोल सुरू व्हायचा त्याच्या खालीच थांबा. गाडी पूर्वीपेक्षा शांत लागते का, एवढंच बघायचंय. शांत लागली तर एक-एक वस्तू परत लावत जा, आधी काच, मग रिकामा बॉक्स, मग सामान. कोणत्या पायरीला हालचाल परत आली ते लिहून ठेवा. काही फरकच पडला नाही तर मागचा टायर, मग शॉकअप, मग चिमट्याची बुश. पुढच्या चाकाचा बॅलन्स आणि कोनसेट त्याच फेरीत.

हे करून मला मागच्या टायरचा चार आकडी कोड, मधल्या पट्ट्याचा खाली बसून काढलेला फोटो, आणि फॉर्क क्लॅम्पच्या वर किती मिलिमीटर आहे तो आकडा कळवा. सेकंडहँड गाडी आहे, आधीच्या मालकाने काय केलंय ते बहुतेक त्या शेवटच्या आकड्यातच सापडेल.